काजळाची कसोटी

आमच्या घरीं पाळणा हलला कीं घरचें काजळ धरण्याची चाल अजून मोडलेली नाहीं. तुपाची वात लावावी, तिच्यावर कांशाची वाटी पालथी घालावी, आणि घटकाभरानें वाटीच्या पोटाला जमलेली मऊ काळी पूड तुपांत खलून डबींत भरावी; एवढाच तो विधि. डॉक्टर नको म्हणतात म्हणून तें काजळ आतां बाळाच्या डोळ्यांत घालीत नाहींत, गालावर तीट मात्र लावतात. मागल्या वर्षीं आमच्या नातवाच्या बारशाच्या आदल्या दिवशीं थोरल्या वहिनी असें काजळ धरीत बसल्या होत्या. शेजारीं आमच्या धाकट्या बंधूंची मुलगी बसली होती. ती पदार्थविज्ञानाची एम्. एस्सी. झाली असून एका प्रयोगशाळेंत संशोधन करीत असते. वहिनींनीं वाटी उलटी केली, काजळ बोटानें निपटलें आणि सहज विचारलें, "कायगं, हेंच काजळ तूं तिथें दिवसभर मोजत बसतेस ना? त्यासाठीं एवढें शिकावें लागतें होय?"

पुतणी हंसून म्हणाली, "काकू, काजळच खरें, पण त्याच्या नळ्या झालेल्या असतात. आणि त्या मोजतां मोजतां माझ्या डोळ्यांखालीं मात्र काजळ न लावतांच काळें झालें आहे."

सगळीं हंसलीं, पण तिच्या त्या शेवटल्या वाक्यांत थट्टेपेक्षां थकवा अधिक होता, हें आमच्या ध्यानांत आलें. त्याचें कारण पुढें कळलें, आणि तेंच सांगण्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों. आम्ही जुने मॅट्रिक. आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें. विजेचें शास्त्र आम्हांस येतें असा आमचा दावा नाहीं. परंतु पुतणीनें चार महिने रोज रात्रीं जेवणानंतर झोपाळ्यावर बसून जें समजावून सांगितलें, तें आमच्यासारख्याच घरोघरच्या वडील माणसांस समजेल अशा रीतीनें येथें मांडण्याचा प्रयत्न करतों.

पाचोळा आणि जोंधळा

विजेच्या दृष्टीनें पदार्थांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. तांबें, रुपें, लोखंड हे वीज वाहून नेणारे वाहक. आणि कांच, लाख, अभ्रक, रबर हे तिला अडविणारे रोधक. पण रोधकावर विजेचा दाब पडला असतां तो अगदींच निश्चल राहतो असें मात्र नाहीं. शेतावर वारा सुटला म्हणजे बांधावरचा पाचोळा उडून पार पलीकडे जातो. उभा जोंधळा उडत नाहीं. मुळें जागच्या जागीं राहतात, पण कणसें एका अंगास कलतात. वाहकांतले विद्युत्कण पाचोळ्यासारखे वाहून जातात. रोधकांतले जोंधळ्यासारखे नुसते झुकतात. ह्या झुकण्याच्या गुणाकडे पाहून अशा पदार्थास डायइलेक्ट्रिक असें नांव मिळालें. मराठी शास्त्रीय ग्रंथांत त्यास ‘विद्युत् अपारक’ म्हणतात. पदार्थ किती झुकतो हें सांगणाऱ्या आंकड्यास आपण ह्या लेखापुरतें ‘अपारकांक’ म्हणूं.

निर्वात पोकळीचा अपारकांक १ धरतात. हवेचा त्याहून लेशमात्र अधिक. न चिकटणाऱ्या तव्याला ज्याचा लेप असतो त्या टेफ्लॉनचा सुमारें २.१, अभ्रकाचा ६ च्या आसपास, आणि नेहमींच्या उष्णमानांत साध्या पाण्याचा सुमारें ८०. पाण्याचे रेणु स्वभावतःच एका टोंकास धन व दुसऱ्यास ऋण असे असतात, म्हणून विजेच्या दाबाखालीं ते चटकन तोंड फिरवितात. पाण्याचा हा मोठा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचा उपद्रव दिसेल.

ह्या गुणाचा उपयोग आपल्या डोक्यावरच चाललेला असतो. पंखा सुरू होईनासा झाला म्हणजे वीजतंत्री येऊन "कंडेन्सर गेला" असें सांगतो. तो कंडेन्सर म्हणजे मुळांत धातूचे दोन पत्रे व त्यांच्यामध्यें एक अपारक. समजा, दहा सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद असे दोन पत्रे एक मिलिमीटर अंतरावर समोरासमोर धरले. मध्यें हवा असतां त्यांची विद्युत् सांठविण्याची शक्ति सुमारें ८८ पिकोफॅरड भरेल. त्याच फटींत टेफ्लॉनचा तुकडा नीट बसविला तर ती सुमारें १८६ होईल. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागावें कीं टेफ्लॉनचा अपारकांक हातीं आला. मोजमापाचें मूळ सूत्र एवढेंच आहे. बाकीचें सर्व हें सूत्र फसणार कोठें तें ओळखण्याचें शास्त्र.

फॅरड हें माप ज्याच्या नांवावरून पडलें तो मायकेल फॅरडे लहानपणीं लंडनांत पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवार होता. त्यानें १८३७ सालीं एकांत एक बसणारे धातूचे दोन गोल घेऊन अगदीं सारखीं अशीं दोन उपकरणें केलीं. एकांत हवाच राहूं दिली, दुसऱ्यांत लाख घातली. एकास दिलेली वीज दुसऱ्याबरोबर वांटून घेतली तेव्हां लाख असलेल्या उपकरणानें निम्म्याहून अधिक वांटा घेतला, आणि मधला पदार्थ नुसता साक्षी नाहीं हें सिद्ध झालें. ‘डायइलेक्ट्रिक’ हा शब्द त्यास विल्यम ह्यूवेल ह्या पंडितानें सुचविला. गंमत अशी कीं हेन्री कॅव्हेंडिश ह्यानें कित्येक दशकें आधींच असे प्रयोग करून वह्यांत लिहून ठेवले होते. पण ते त्यानें प्रसिद्ध केले नाहींत, आणि १८७९ सालीं मॅक्सवेलनें ते संपादून जगापुढें आणले.

झोंका आणि उष्णता

आतां दाब एकाच दिशेनें न देतां तो उलटसुलट फिरवीत राहिलें तर? झोपाळ्याला सावकाश झोंका द्यावा, तो हाताबरोबर येतो आणि दिलेली शक्ति परत करतो. पण हात फार जलद हालविला तर झोपाळ्याला तितकें धांवतां येत नाहीं. तो मागें पडतो आणि कड्या कुरकुरतात. अपारकांतले कणहि असेच मागें पडतात, आणि त्या कुरकुरीची उष्णता होते. म्हणून शास्त्रज्ञ अपारकांकाचे दोन भाग करतात : एक भाग सांठवून परत मिळणाऱ्या शक्तीचा, दुसरा उष्णता होऊन गमावलेल्या शक्तीचा. संसारांतल्या शिल्लक व खर्च ह्या दोन रकान्यांसारखेंच हें आहे. एकच रकाना पाहून घराची स्थिति कळत नाहीं. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी ह्या खर्चाच्याच रकान्यावर चालते. तिच्यांत विजेचा दाब सेकंदास २४५ कोटि वेळां उलटसुलट होतो, आणि त्याच्यामागें फिरतां फिरतां अन्नांतील पाणी तापतें.

सुरळीच्या वडीसारखी नळी

आतां काजळाच्या नळ्यांकडे वळूं. कोळसा, काजळ, पेन्सिलींतलें शिसें व हिरा ह्या सर्वांचें मूलद्रव्य एकच, कार्बन. पेन्सिलींतल्या ग्रॅफाइटमध्यें कार्बनचे परमाणु षट्कोनांच्या जाळींत बसून पातळ थर करतात, मधाच्या पोळ्यासारखे. असा एकच थर घेऊन सुरळीच्या वडीप्रमाणें गुंडाळला आणि कडा बेमालूम जोडल्या, तर जी नळी होईल ती कार्बन नॅनोट्यूब. एका थराच्या नळीचा व्यास एक-दोन नॅनोमीटर असतो. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केंस सुद्धां ह्या नळीपेक्षां हजारों पटींनीं जाड. लांबी मात्र रुंदीच्या हजारों पट असूं शकते.

१९९१ सालीं जपानांत सुमिओ इजिमा ह्यांनीं, कार्बनच्या कांड्यांमधून विजेची ठिणगी पाडल्यावर जी राख जमते तींत, एकांत एक बसलेल्या अशा नळ्या सूक्ष्मदर्शकानें पाहिल्या व त्यांची रचना स्पष्ट केली. त्यापूर्वीं १९५२ सालीं रशियांत रादुश्केविच व लुक्यानोविच ह्यांनीं पोकळ कार्बनतंतूंचीं चित्रें छापलीं होतीं. पण जगाचें लक्ष तिकडे गेलें नाहीं. एकाच भिंतीची नळी १९९३ सालीं जपान व अमेरिका ह्या दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सांपडली.

ह्या नळ्यांचा एक स्वभाव ऐकून आम्हीं तोंडांत बोट घातलें. चौकड्यांची चटई सरळ गुंडाळली तर नक्षी एक प्रकारें जुळते, तिरकी गुंडाळली तर दुसऱ्या प्रकारें. तीच गोष्ट ह्या जाळीची. गुंडाळण्याची तिरकस किती, एवढ्यावरून ती नळी धातूसारखी वीज वाहील कीं अर्धवाहक होईल हें ठरतें! निवड न करतां नळ्या केल्या तर सुमारें एक तृतीयांश धातूसारख्या निघतात व उरलेल्या अर्धवाहक. म्हणजे एकाच डबींतल्या एकाच काळ्या पुडींत पाचोळाहि आहे आणि जोंधळाहि आहे. तिचा अपारकांक मोजणें कां कठीण, याचें पहिलें कारण हें.

मोजण्याच्या तीन वाटा

ही पूड नुसती मोजतां येत नाहीं. ती राळेसारख्या एखाद्या पदार्थांत किंवा मेणांत कालवून तिच्या चकत्या करतात, आणि मग तीन वाटा असतात.

पहिली वाट वर सांगितलेल्या दोन पत्र्यांची. चकतीच्या दोन्ही अंगांस चांदीचा लेप द्यावयाचा, ती पत्र्यांमध्यें ठेवावयाची, आणि सेकंदास थोड्याशा आवर्तनांपासून कोट्यवधि आवर्तनांपर्यंत दाब फिरवून शिल्लक व खर्च दोन्ही टिपावयाचे.

दुसरी वाट आरपार जाण्याची. केबल टी.व्ही.ची गोल तार उघडून पाहिली तर मध्यें एक तांब्याची तार व भोंवतीं धातूचें जाळीदार वेष्टन दिसतें. तशाच प्रकारच्या, पण फार नेटक्या धातूच्या नळींत मेदुवड्यासारखी भोंक असलेली चकती बसवितात; बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर, आंतल्या भोंकाचा ३ मिलिमीटरहून किंचित् अधिक. मग एका टोंकाकडून सेकंदास शेंकडों कोटि आवर्तनांची लहर सोडतात. कांहीं भाग चकतीवर आपटून परत येतो, कांहीं पार जातो. परत किती आली, पार किती गेली आणि दोहोंना किती विलंब लागला, ह्यांवरून पदार्थाचे गुण काढण्याची रीति निकलसन व रॉस ह्यांनीं १९७० सालीं आणि वीयर ह्यांनीं १९७४ सालीं बसविली. विजेबरोबर चुंबकाचा गुणहि त्यांतच कळतो. आणि नळ्या वाढवितांना वापरलेल्या लोखंडाचे कण पुडींत मागें राहिलेले असतात, म्हणून तोहि कळणें अवश्य असतें.

तिसरी वाट आम्हांस सर्वांत गोड वाटली, कारण ती जलतरंगासारखी आहे. वाटींत पाणी घातलें कीं तिचा स्वर उतरतो. वाटीस बोट लावलें कीं नाद लवकर मरतो. धातूच्या पोकळ डबीलाहि विद्युत्-लहरींचा एक ठराविक स्वर असतो. तींत पदार्थाची बारीक कांडी सोडली म्हणजे स्वर किती उतरला ह्यावरून शिल्लक कळते, आणि नाद किती मेला ह्यावरून खर्च.

अशा लहरींनीं पदार्थ पारखण्याची विद्या आपल्या देशास परकी नाहीं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ च्या सुमारास मिलिमीटरांत मोजण्याइतक्या आंखूड विद्युत्-लहरी उत्पन्न करून त्या गंधकांतून जातांना किती वांकतात हें मोजलें. पुढें कांचेचेंहि त्यांनीं तसेंच मोजलें. वांकण्याच्या त्या आंकड्याचा वर्ग केला असतां, पदार्थ चुंबकीय नसेल तर, अपारकांकच मिळतो. बोसांचें एक साधन म्हणजे चक्क रेल्वेच्या वेळापत्रकाचें जाडजूड पुस्तक होतें! पानांच्या चळतीला एक दिशा असते, म्हणून एका अंगानें लहर पार होते व दुसऱ्या अंगानें अडते, हें त्यांनीं त्यावर दाखविलें.

पदार्थ फसवितो कोठें?

पहिली फसवणूक गुठळ्यांची. पिठलें करतांना पीठ एकदम टाकलें तर गुठळ्या होतात, आणि वरून चव घेणाऱ्यास आंतली स्थिति कळत नाहीं. ह्या नळ्या एकमेकींस घट्ट धरून बसतात. त्या मोकळ्या करण्यास श्रवणातीत ध्वनीनें तासन् तास घुसळावें लागतें. फार घुसळलें तर नळ्या तुटून आंखूड होतात. म्हणून नळ्यांचें शेंकडा प्रमाण तेंच असलें तरी दोन प्रयोगशाळांच्या चकत्या सारख्या नसतात.

दुसरी फसवणूक दिशेची. नळ्या एका दिशेस ओढल्या गेल्या असतील तर त्यांच्या लांबीच्या दिशेनें एक आंकडा येतो व आडव्या दिशेनें दुसरा.

तिसरी ओलाव्याची. पावसाळ्यांत पापड सादळतात, तशी ही पूडहि हवेंतलें पाणी धरते. आणि पाण्याचा अपारकांक ८० असल्यामुळें थोडासा ओलावाहि आंकडा बिघडवितो.

चौथी हवेच्या फटीची. चकती आणि धातु ह्यांच्यामध्यें केंसाएवढी फट राहिली तरी अपारकांक खराहून कमी दिसतो. म्हणून पुतणी दर दिवशीं काम सुरू करण्यापूर्वीं टेफ्लॉनची चकती मोजून २.१ च्या जवळपास येतें कीं नाहीं तें पाहते. सोनारानें दुकान उघडतांच तराजूचा कांटा पहावा, त्यांतलाच हा प्रकार.

पण सर्वांत मोठी फसवणूक पाचोळ्याची. ओल्या जमिनीवर काड्या विखुरल्या आहेत आणि मुंगीला पाय न भिजवितां पलीकडे जावयाचें आहे असें समजा. थोड्या काड्या असतां मार्ग नाहीं. वाढवीत गेलें तर एका विशिष्ट काडीबरोबर एकाएकीं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाट जुळते. मोहऱ्या टाकल्या असत्या तर ढीग लागला असता. काड्या लांब म्हणून थोड्या पुरतात. नळ्या तर रुंदीच्या हजारपट लांब; त्यामुळें हजारांत एक भाग किंवा त्याहूनहि कमी पूड घालून राळ वीज वाहूं लागल्याचीं उदाहरणें आहेत. ती वाट जुळण्याच्या अगदीं आधीं लक्षावधि नळ्या एकमेकींच्या जवळ येऊन, पण न शिवतां, थबकलेल्या असतात. अशी प्रत्येक फट म्हणजे एक चिमुकला कंडेन्सर. त्यामुळें अपारकांक एकदम उसळी घेतो. हीच ती मोहाची जागा.

चार आंकडी संख्या

आमच्या पुतणीच्या एका चकतीनें, सेकंदास शंभर आवर्तनें असतां, चार आंकडी अपारकांक दाखविला. साध्या राळेचा तो तीन-चारच्या घरांत असतो. मार्गदर्शक आनंदले, एका परिषदेची मुदत जवळ आली होती, निबंध ताबडतोब पाठवावा असें त्यांनीं सांगितलें. शिष्यवृत्तीची मुदतहि सरत आली होती. घरांत तिच्या आईनें तर पेढेहि आणले.

तिला मात्र झोंप येईना. त्या रात्रीं झोपाळ्यावर ती म्हणाली, "नाना, आंकडा फार मोठा आहे. मला त्याची भीति वाटते." आम्हीं काय सांगितलें असेल? सांगण्यास लाज वाटते, पण सांगतों. आम्ही म्हणालों, "बाळ, तुझे मार्गदर्शक अनुभवी आहेत. वडील माणसांचें ऐकावें." ती कांहीं बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें एक साधी गोष्ट केली. त्याच राळेची, पण दुप्पट जाडीची चकती केली. पत्र्यांतलें अंतर दुप्पट झालें म्हणजे सांठवणीची शक्ति निम्मी झाली पाहिजे, आणि हिशेबानें अपारकांक तोच आला पाहिजे. कारण तो पदार्थाचा गुण, जाडीचा नव्हे. पण सांठवणीची शक्ति जवळजवळ होती तेवढीच राहिली, आणि अपारकांक दुप्पट निघाला! एकाच दुधाचें शेरभर घेतलें तर दाटपणा एक आणि दोन शेर घेतलें तर दुप्पट, असें कधीं होतें काय? मग तिनें चांदीच्या लेपाऐवजीं दुसरा लेप देऊन पाहिला. आंकडा पुन्हां बदलला. तेव्हां खरें कारण उघड झालें. चकती आंतून वीज वाहत होती. विद्युत्कण पाचोळ्यासारखे धांवत जाऊन लेपाच्या सीमेवर अडत व तेथें सांचत. सांठवण होत होती ती राळेंत नव्हे, तर लेप आणि चकती ह्यांच्या सांध्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांत. चकती जाड केली तरी पापुद्रा तेवढाच, म्हणून सांठवणहि तेवढीच.

ती घरीं येऊन म्हणाली, "नाना, तो आंकडा पदार्थाचा नव्हता. माझ्या चांदीच्या लेपाचा होता."

तें ऐकतांच आमच्या डोळ्यांपुढें जन्मभर वर्गांत सांगितलेला दृष्टांत उभा राहिला. शुभ्र स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेवलें तर स्फटिक तांबडा दिसतो. तांबडेपणा फुलाचा, स्फटिकाचा नव्हे. आपले नैयायिक अशा शेजारधर्मास उपाधि म्हणतात. जेथें अग्नि तेथें धूर, असें कोणी म्हटलें तर ते विचारतात, ओलें सरपण होतें काय? धूर अग्नीचा नसून ओल्या सरपणाचा असेल. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर कोठें आहे? प्रमाण शुद्ध असेल तरच प्रमेय सिद्ध होतें, हें तर त्या शास्त्राचें पहिलें पाऊल. आम्हीं मोठ्या हौसेनें हें सर्व पुतणीस सांगितलें. तिनें तें लक्षपूर्वक ऐकलें आणि शांतपणें विचारलें, "नाना, तुम्हांला हें ठाऊक होतें, तर परवां रात्रीं मला कां नाहीं सांगितलेंत?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. किंबहुना उत्तर होतें, पण तें चाळीस वर्षांपूर्वींचें होतें. आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें शास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळीं देखरेखीस आम्हांस बसवीत. मुलें लंबकाचा प्रयोग करीत. पुस्तकांत उत्तर ९.८ दिलेलें, मग मुलें त्या उत्तरावरून मागें हिशेब करून आंदोलनांच्या वेळा वहींत भरीत. आम्हांस तें दिसत असे. एका वर्षीं एका मुलानें प्रामाणिकपणें घेतलेल्या वेळांवरून ९.१ आलें तें तसेंच लिहिलें, आणि त्याचे गुण कापले गेले. आम्ही गप्प बसलों. संस्कृतच्या मास्तरानें शास्त्रांत तोंड घालूं नये, अशी आम्हीं आमची समजूत घालून घेतली. उपाधीचा दृष्टांत मात्र त्याच आठवड्यांत वर्गांत घोटून पाठ करून घेतला असेल!

पुतणीनें निबंध पाठविला नाहीं. मार्गदर्शक कांहीं दिवस नाराज होते; पुढें त्यांनीं स्वतः दोन्ही चकत्या मोजून पाहिल्या व तिचें म्हणणें मान्य केलें, हें त्यांच्या मोठेपणास शोभण्यासारखेंच झालें. परिषद हुकली. प्रबंध आठ महिने लांबला, शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि ते आठ महिने तिनें शिकवण्या करून काढले. आईनें आणलेले पेढे वांटले गेले खरे, पण कशाचे तें कोणी विचारलें नाहीं. शेवटीं जो आंकडा उरला तो दोन आंकडी होता, आणि त्याच्यापुढें तिनें स्वच्छ लिहिलें : आवर्तनें इतकीं, उष्णमान इतकें, हवेंतील ओलावा इतका, पूड शेंकडा इतकी, जाडी इतकी, लेप अमुक. ह्या सोबत्यांवांचून तो आंकडा म्हणजे तिथि-वार नसलेली लग्नपत्रिका.

उपयोग, धोका आणि अभिमान

एवढा खटाटोप कशासाठीं, हें वाचकांनीं विचारणें रास्त आहे. ज्या पदार्थाचा खर्चाचा रकाना मोठा, तो विद्युत्-लहरी गिळून त्यांची उष्णता करतो. म्हणून यंत्रांतील एका भागाच्या लहरींनीं दुसऱ्या भागास त्रास होऊं नये यासाठीं अशा राळेचीं हलकीं आवरणें करतां येतात. इंग्लंडांत २०१४ सालीं अशाच नळ्या गालिच्याच्या लवीसारख्या उभ्या करून केलेला एक लेप जाहीर झाला. तो दृश्य प्रकाशाचा ९९.९६५ टक्के भाग गिळतो. काजळाहून काळें असें काजळ! पण कोणतें आवरण किती जाड करावें हें ठरतें तें मोजलेल्या आंकड्यांवरून. तो आंकडा चांदीच्या लेपाचा असेल तर आवरण काम देणार नाहीं.

धोकाहि आहे. लांब, ताठ अशा कांहीं नळ्या शरीरांत ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा अपाय करूं शकतात असें २००८ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसलें. २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें अनेक भिंतींच्या नळ्यांपैकीं एका विशिष्ट जातीस ‘कर्करोगकारक असण्याचा संभव’ ह्या वर्गांत घातलें. राळेंत घट्ट बसलेली नळी निराळी आणि उडती पूड निराळी. पुतणी तोंडावर गाळणी बांधून, हातमोजे घालून, हवा ओढून घेणाऱ्या कपाटांतच काम करते, हें ऐकल्यावर वहिनींचा जीव खालीं पडला.

अभिमानाची गोष्टहि एक आहे, पण ती जपून सांगितली पाहिजे. २००६ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथील संशोधकांस सतराव्या शतकांतील एका दमास्कस तलवारीच्या पोलादांत कार्बनच्या नळ्या आढळल्या. अशा तलवारींसाठीं लागणारें पोलाद हिंदुस्थानांतून जात असे. पुढें २०२० सालीं तामिळनाडूंतील कीळडी येथील प्राचीन खापरांच्या काळ्या लेपांतहि त्या सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. यावरून आपल्या पूर्वजांचें हस्तकौशल्य किती सूक्ष्म होतें एवढें म्हणावें. त्यांना हें शास्त्र अवगत होतें असें म्हणूं नये. जें त्यांनीं मोजलें नाहीं तें त्यांच्या नांवावर मांडणें म्हणजे फुलाचा तांबडेपणा स्फटिकास चिकटविणें होय.

आमची वाचकांस, विशेषतः घरांतील वडील मंडळींस, एक विनंति आहे. आपलीं मुलेंनातवंडें प्रयोगाची वही घेऊन घरीं येतात. उत्तर पुस्तकाशीं जुळलें काय, एवढेंच आपण विचारतों. त्याऐवजीं एकदां तरी विचारावें कीं, तुला प्रत्यक्ष काय दिसलें? आणि जें दिसलें तेंच लिहिल्याबद्दल गुण कमी पडले असतील तर तें मूल घरांत तरी एकटें पडूं नये. आमचा नातू आतां सव्वा वर्षाचा आहे. त्याच्या गालावरची तीट वहिनी अजून घरच्याच काजळाची लावतात. तो वहींत लंबकाच्या वेळा लिहील तेव्हां आम्ही असूं कीं नसूं. पण त्याची आत्या असेल, आणि त्याच्या ९.१ ला ती ९.१ च म्हणेल, याचा आम्हांस भरंवसा आहे.